मुलींची पँट आणि आपली संस्कृती



गेल्या पालक सभेत गणवेशाचा विषय निघाला आणि सभा अर्धा तास लांबली, हे आपल्याला आठवत असेलच. माता-पालक संघाची सूचना अगदी साधी होती. सहावीपासून पुढच्या ज्या मुलींना हवी असेल त्यांना स्कर्टऐवजी किंवा सलवार-ओढणीऐवजी पँट घालण्याची मुभा द्यावी. सक्ती नाही, फक्त मुभा. त्यावर एक ज्येष्ठ विश्वस्त उठून म्हणाले, "पँट हा आपल्या मुलींचा पोशाख नाही. महाराष्ट्राबाहेर राहून इतकी वर्षे आपण आपले मराठीपण जपले, ते काय यासाठी?" सभागृहात शांतता पसरली. काहींनी माना डोलावल्या, काही खाली पाहत राहिले. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

ज्या वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. ही शाळा उभी राहावी म्हणून त्यांनी काय केले हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यांची काळजी खोटी नाही. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे असे वाटले. माझे वडील शिंपी. १९८२ साली येथे तांब्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ते भंडाऱ्याहून शिलाई मशीन घेऊन मलाजखंडला आले. मी त्यांच्या दुकानातच काजे-बटणे करत मोठी झाले. पँटशी माझी ओळख तेव्हापासूनची. तेव्हा आधी पाहू या की ही पँट मुळात आहे तरी कोणाची.

आपण पँट म्हटले की इंग्रज डोळ्यांपुढे आणतो. पण जगात आजवर सापडलेली सर्वांत जुनी पँट युरोपात सापडलेली नाही. ती चीनच्या पश्चिमेकडील शिनजियांग प्रांतात, तुर्फानजवळच्या यांगहाई येथील प्राचीन कबरींत सापडली. ती सुमारे तीन हजार वर्षांहून अधिक जुनी असून लोकरीची आहे. शिंप्याच्या मुलीला नवल वाटावे अशी तिची बनावट आहे. कापड कापून ती शिवलेलीच नाही. दोन पायांचे दोन तुकडे आणि मधल्या आसनाचा एक तुकडा, असे तिन्ही तुकडे मागावर त्या त्या मापात विणून मग जोडले आहेत. आसन चांगले ऐसपैस आहे. का? त्या कबरींत लगाम आणि चाबूकही मिळाले. म्हणजे ती माणसे घोड्यावर बसणारी होती. घोड्यावर टांग टाकायची तर पाय मोकळे हवेत आणि मांड्या घासल्या जाऊ नयेत. या गरजेतून पँट जन्मली. ती कोणा जातीची, धर्माची वा देशाची म्हणून जन्मली नाही. घोड्यावर नीट बसता यावे म्हणून जन्मली.

आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनी तिला नावे ठेवली! ग्रीक लोक इराणी आणि शक लोकांच्या विजारीला रानटी पोशाख समजत. रोममध्ये तर चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट होनोरियसच्या काळात शहरात पँट घालण्यावरच बंदी आली. शिक्षा होती मालमत्ता जप्त आणि हद्दपारी. पुढे त्याच युरोपने पँट अशी काही आपली केली की आज आपण तिला 'विलायती' म्हणतो.

चीनमधली गोष्ट तर आपल्या सभेसारखीच आहे. इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये झाओ राज्याचा राजा वुलिंग याने ठरवले की उत्तरेकडच्या भटक्या घोडेस्वारांशी लढायचे तर लांब झगे सोडून त्यांच्यासारखा आखूड डगला आणि विजार घालायला हवी. दरबारी नाराज झाले. राजाचे काका तर आजाराचे कारण सांगून घरीच बसले. पूर्वजांचा वेश टाकून परक्यांचा वेश घ्यायचा, हे त्यांना पटेना. राजाने त्यांच्यावर हुकूम सोडला नाही. तो स्वतः काकांच्या घरी गेला, त्यांना समजावले. दुसऱ्या दिवशी काका नवा वेश घालून दरबारात आले. मला ही गोष्ट फार आवडते. त्यात काकांचा पराभव नाही. वडीलधारी माणसे पटले तर बदलतात, एवढेच त्यात आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतात शिवलेली विजार इंग्रजांच्या कितीतरी आधी आली. कुषाण राजांची नाणी पाहा, त्यांच्या पायांत विजार दिसते. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा बिनडोक्याचा पुतळा आहे. त्याच्या अंगात लांब डगला आणि पायांत जड बूट आहेत. तेही मध्य आशियातून आलेले घोडेस्वारच. पुढे आपल्या भाषेतच या कपड्याचे किती शब्द जमा झाले ते पाहा. 'पायजमा' फारसीतला, पाय आणि जामा म्हणजे पायांचे वस्त्र. 'विजार' अरबी 'इजार'वरून आला. 'तुमान' आणि 'सुरवार'ही तिकडचेच. चोळणा आणि मांडचोळणा हे जुन्या मराठीत रुळलेले शब्द. शिवछत्रपतींची त्यांच्या काळात वा त्या सुमारास काढलेली जी चित्रे उपलब्ध आहेत, त्यांत जाम्याखाली विजारच आहे. मग इंग्रजी पँटलून आली आणि मराठीने तिची 'पाटलोण' करून टाकली. आपल्या आजोबांची पिढी पाटलोण हा शब्द किती सहज वापरत असे!

देवाणघेवाण एका बाजूने झाली नाही. आपला पायजमा इंग्रजांनी उचलला आणि रात्री झोपताना घालू लागले. कामगारांच्या जाड कपड्याला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या डुंगरी नावाच्या जाडभरड्या कापडावरून गेला आणि त्या कापडाचे नाव मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडले जाते. म्हणजे आपल्या मुंबईच्या एका वस्तीचे नाव जगभरच्या कामगारांच्या अंगावर चढले! आणि मलाजखंडच्या मुलांनी तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याची बायको आली. नवऱ्याची पँट सारखी फाटते, टिकाऊ शिवून द्या म्हणाली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. पुढे लिव्हाय स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट घेतले. आजची जीन्स ती हीच. जिच्यावर आपण इतके रागावतो ती एका कामकरी घरातून आली आणि तांब्याने टिकली. तांब्याच्या गावाने तिच्यावर फार रागावू नये.

कोणी म्हणेल, हे सगळे पुरुषांचे झाले. मुलींचे काय?

तर मुलींचे ऐका. यांगहाईच्या त्या आसनाची गरज आपल्या आज्या-पणज्यांनाही होती आणि त्यांनी शिंप्याशिवाय ती भागवली. नऊवारी लुगड्याचा काष्टा म्हणजे दुसरे काय? मागे कासोटा खोचला की दोन्ही पाय वेगळे झाले. रोवणीला चिखलात उतरा, विहिरीवरून पाणी शेंदा, डोक्यावर भारा घेऊन बांध ओलांडा, काही अडत नाही. आपल्या बालाघाट जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायका लुगडे वर खोचूनच उतरतात. बाईच्या दोन पायांत अंतर दिसणे ही आपल्या संस्कृतीत कधीच लाजेची गोष्ट नव्हती. मध्यप्रदेशातील मराठी माणसाला तर ग्वाल्हेर आठवावे. जून १८५८ मध्ये तेथे झाशीची राणी लक्ष्मीबाई घोडेस्वाराच्या वेषात लढता लढता पडली. तिच्या त्या वेषाला आजवर कोणी 'आपला नव्हे' म्हटले आहे काय?

आता गंमत पाहा. आज आपण जिला पारंपरिक म्हणतो ती गोल साडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या घरांत येऊ लागली तेव्हा केवढी कुरबुर झाली होती! काष्टा सोडून गोल नेसणे हे सभ्यपणाचे नाही, असे तेव्हा म्हटले जाई. 'सकच्छ की विकच्छ' म्हणजे कासोटा घालावा की नाही, असा वादच झाला. मग काही दशकांनी सलवार-कमीज आली. तिला आपण आजही 'पंजाबी ड्रेस' म्हणतो, म्हणजे ती परक्या प्रांताची आहे हे नावातच लिहिले आहे. माझ्या आईच्या पिढीत कॉलेजला पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलीकडे लोक वळून पाहत. आज तोच आपल्या शाळेचा आठवीपासूनचा गणवेश आहे आणि तो सोज्वळ मानला जातो. सलवार म्हणजे तरी काय? घेरदार पँटच. फक्त वर नेफा आणि नाडी आहे.

म्हणून मी नम्रपणे एक प्रश्न विचारते. आपल्या घरांतील पुरुषांचे पाहा. पणजोबांचे धोतर गेले, आजोबांचा पायजमा आला, वडिलांची बेलबॉटम आली, मुलाची जीन्स आली. त्या वेळी कोणी सभा घेतली होती का? धोतर सुटले म्हणून मराठीपण सुटले, असे कोणी म्हटले का? नाही. मुलाच्या पायांतून संस्कृती जात नाही आणि मुलीच्या पायांतूनच तेवढी जाते, हे कसे? संस्कृती जपण्याचे सगळे ओझे आपण मुलींच्या कपड्यांवर टाकून मोकळे झालो आहोत, असे तर नाही?

हा प्रश्न फक्त आपल्यापुढेच आला असे नाही. फ्रान्समध्ये १८०० साली पॅरिस शहरात नियम झाला की स्त्रीला पुरुषी वेष घालायचा तर पोलिसांची परवानगी हवी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सूट मिळाली. ती कशासाठी? हातात घोड्याचा लगाम असेल किंवा सायकलचे हँडल असेल तर पँट चालेल! हा जुना नियम रद्दबातल असल्याचे सरकारने अधिकृतपणे जाहीर केले ते थेट २०१३ मध्ये. आणि आपण खाणकामाच्या गावचे, तर इंग्लंडमधल्या विगनच्या खाणींवरच्या बायकांची गोष्ट सांगायलाच हवी. १८४२ च्या कायद्याने बायका-मुलींना जमिनीखाली काम करायला बंदी झाली. तेव्हा त्या खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याचे आणि गाड्या ढकलण्याचे काम करू लागल्या. आखूड स्कर्टखाली त्या पँट घालत. सभ्य लोकांना ते भयंकर वाटले आणि त्यांचे काम बंद करण्याचा प्रयत्न झाला. १८८७ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ लंडनला गेले आणि त्यांचे काम वाचले. त्या पँटमागे फॅशन नव्हती, पोट होते.

आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्यानेही स्त्रियांना जमिनीखाली कामाला बंदी होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ते दार उघडले. आपली खाण आता भूमिगत होत चालली आहे. उद्या आपल्याच शाळेतली एखादी मुलगी मायनिंग इंजिनिअर होऊन हेल्मेट घालून खाली उतरेल, अशी मला फार आशा आहे. ती काय ओढणी घेऊन उतरणार आहे? फिरत्या यंत्राजवळ अंगासरशी बसणारे कपडे हवेत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातही लिहिले गेले होते. माझे वडील कामगारांचे कपडे शिवताना नेहमी सांगत, "लोंबते कापड म्हणजे यंत्राला दिलेला हात."

यंत्र सोडा, सायकल घ्या. आपल्या शाळेत मोहगावकडून आणि आसपासच्या खेड्यांतून कितीतरी मुली सायकलने येतात. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या धाकट्या मुलीची ओढणी चाकात गुंतली आणि ती रस्त्यावर आपटली. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज मी हा लेख लिहीत बसले आहे, नाहीतर काय लिहिले असते देव जाणे. हाताला सहा टाके पडले. दवाखान्यात तिने मला काय विचारले असेल? "आई, ओढणी फाटली. उद्या शाळेत घेतील का मला?" त्या प्रश्नाने मला टाक्यांपेक्षा जास्त दुखले.

कारण तो प्रश्न मी ओळखत होते. मी नववीत असताना, दुसऱ्या गावच्या एका शाळेत, जानेवारीच्या थंडीत स्कर्टच्या आत भावाचा पायजमा घालून गेले होते. बैहरच्या या पठारावरची सकाळची थंडी कशी असते ते सांगायला नको. फाटकापाशी मला तो काढून यायला लावले. पायजमा दप्तरात कोंबून मी दिवसभर कुडकुडत बसले. गणित काय शिकवले ते आठवत नाही. थंडी तेवढी आठवते.

आता आक्षेपांचाही प्रामाणिकपणे विचार करू. पहिला आक्षेप खर्चाचा. नवा गणवेश म्हणजे नवा खर्च, हे खरे. म्हणून लगेच बदल नको. जिचा गणवेश लहान झाला तिने पुढचा शिवताना हवे तर पँट शिवावी. कापड तेच, रंग तोच. पँटला सलवारीपेक्षा कापड कमी लागते, ओढणीचे कापडही वाचते. थोरल्या भावाची पँट धाकट्या बहिणीला बेतून देता येईल, हा फायदा वेगळाच.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. पँट सैल, सरळ मोहरीची असावी आणि वर मांडीपर्यंत येणारा लांब शर्ट किंवा कुर्ता असावा, असे ठरवता येईल. त्यात अवघड काही नाही. एक मात्र बोलते. मुलींच्या कपड्यांची जितकी चर्चा आपण करतो, तितकी मुलांच्या नजरेची करत नाही. ती घरी करावी, आई आणि बाबा दोघांनीही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही माता म्हणाल्या, "आमच्या मुलीला सलवारच बरी वाटते, तिला उगाच पँट घालायला लावू नका." अगदी बरोबर! पँट लादणे हेही चुकीचेच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा गुडघ्यापर्यंतचा पारंपरिक किल्ट इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने बंद केला होता. लोकांना तो अपमान वाटला आणि १७८२ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. जबरदस्तीने उतरवलेला आणि जबरदस्तीने चढवलेला, दोन्ही वेष अंगाला टोचतात. म्हणून सूचना सक्तीची नाही, मुभेची आहे. जिला सलवार हवी तिने सलवार घालावी, जिला स्कर्ट हवा तिने स्कर्ट. आणि पाचवीपर्यंतच्या मुलांच्या हाफपँटचाही याच निमित्ताने विचार व्हावा. थंडी काही मुलगा-मुलगी पाहून पडत नाही.

आपण असे करणारे पहिले नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलामुलींना सारखाच गणवेश दिला, गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट. २०२१ मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील बालुशेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेने शर्ट-पँट स्वीकारली. तेथेही विरोध झाला, चर्चा झाली. विरोध होणारच, तो लोकशाहीचा भाग आहे. पण चर्चेत ज्यांना तो कपडा घालायचा आहे त्यांनाही बोलू द्यावे.

आपल्या सभेत मुली नव्हत्या. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या आपल्याच शाळेच्या एका आठवीतल्या मुलीला विचारले, "काय गं, पँट हवी का तुला?" मला वाटले, ती फॅशनचे काही बोलेल. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काकू, तिला खिसा असेल ना?" खिसा कशाला, म्हटले. म्हणाली, "सायकलची किल्ली ठेवायला. आता ती मुठीत धरून बसते मी." बस्स! तीन हजार वर्षांपूर्वी त्या घोडेस्वाराला जे हवे होते, तेच या मुलीला हवे आहे. पाय मोकळे आणि हात मोकळे.

मराठीपण कशाने टिकते, हा प्रश्न विश्वस्तांनी विचारला होता. माझे उत्तर असे की ते आपल्या मुलांनी घरी मराठी बोलण्याने टिकते, शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तके वाचली जाण्याने टिकते, गणपतीत सगळ्या आळ्या एकत्र येण्याने टिकते. आणि मुलींना शिकवण्याने तर नक्कीच टिकते. सावित्रीबाईंचा वारसा सांगणारी आपण माणसे आहोत. त्या वारशात मुलगी शाळेत पोहोचणे महत्त्वाचे आहे, ती काय घालून पोहोचली हे नंतरचे.

पुढच्या सभेत निर्णय होईल. विश्वस्त मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे की सभेपूर्वी सहावी ते दहावीच्या मुलींना एक एक चिठ्ठी द्यावी आणि त्यांना काय हवे ते नाव न लिहिता लिहू द्यावे. त्या चिठ्ठ्या सभेत वाचाव्या आणि मग ठरवावे. निर्णय काहीही झाला तरी तो आम्ही पालक मान्य करू. मात्र तोपर्यंत, एवढ्या थंडीपुरते तरी, स्कर्टखाली पायजमा घालून आलेल्या एकाही मुलीला फाटकावर अडवू नये.

— एक माता-पालक